धावपट्टीविना भरारी : हॉकर पी. ११२७ आणि उभ्या उड्डाणाचा शोध

इंग्लंडमधील सरे परगण्यातील डन्सफोल्डच्या विमानतळावर २१ ऑक्टोबर १९६० रोजी एक विचित्र दृश्य दिसत होते. लोखंडी जाळीने झाकलेल्या एका खड्ड्यावर एक छोटे जेट विमान उभे होते. ते जमिनीला साखळदंडांनी जखडले होते. वजन कमी करण्यासाठी त्यातील अनावश्यक वाटेल ती वस्तू काढून टाकण्यात आली होती. चाचणी वैमानिक बिल बेडफर्ड आसनावर बसले, तेव्हा मोटार अपघातात मोडलेला त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यांना केवळ बांधलेल्या विमानातून तरंगण्यापुरतीच परवानगी दिली होती. इंजिनाचा आवाज टिपेला पोहोचला आणि विमान जमिनीपासून जेमतेम वर उचलले गेले, डुलले, साखळ्यांना हिसके देत राहिले आणि पुन्हा खाली टेकले. पाहणाऱ्याला हा प्रकार पोरखेळ वाटला असता. परंतु जेट युगातील एका अवघड प्रश्नाचे पहिले व्यवहार्य उत्तर त्या दिवशी जमिनीवरून उठले होते. त्या विमानाचे नाव होते हॉकर पी. ११२७.

प्रश्न काय होता?

दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमानांचा वेग झपाट्याने वाढला. वेग वाढला तसे पंख लहान आणि मागे झुकलेले झाले, वजन वाढले आणि त्यांना उडण्या-उतरण्यासाठी लागणारी धावपट्टी लांबत गेली. परिणामी जगातील बलाढ्य हवाई दले काँक्रीटच्या काही पट्ट्यांवर अवलंबून राहू लागली. या पट्ट्या नकाशावर ठळक दिसतात, त्यांना हलवता येत नाही आणि त्या उखडल्या की उत्तमोत्तम विमानेही निरुपयोगी ठरतात. अण्वस्त्रांच्या धास्तीत वावरणाऱ्या ‘नाटो’ राष्ट्रांना पन्नासच्या दशकात हीच चिंता भेडसावत होती. ती निराधार नव्हती, याची साक्ष भारतीय उपखंडानेही पुढे दिली. डिसेंबर १९७१च्या युद्धात भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ विमानांनी ढाक्याजवळील तेजगाव विमानतळाची धावपट्टी फोडली आणि तेथील पाकिस्तानी सेबर विमाने धडधाकट असूनही जमिनीला खिळून राहिली.

विमानाला धावपट्टीच लागू नये, हा यावरचा सरळ उपाय. हेलिकॉप्टर जागच्या जागी उठते, पण त्याला जेट विमानाचा वेग गाठता येत नाही. जेट विमानाला वेग आहे, पण पंखांना उचल मिळण्यासाठी आधी जमिनीवर धाव घ्यावी लागते. या दोहोंचा मिलाफ कसा घालावा, यावर अनेक देशांतील अभियंते डोके चालवू लागले.

फसलेल्या वाटा

पहिली वाट विमानच शेपटीवर उभे करण्याची होती. अमेरिकेच्या रायन कंपनीच्या एक्स-१३ विमानाने एप्रिल १९५७ मध्ये उभ्या स्थितीतून उठून, आडवे उडून, पुन्हा उभ्या स्थितीत उतरण्याचे पूर्ण चक्र करून दाखविले. फ्रान्सच्या कोलिऑप्टेर या वर्तुळाकार पंखाच्या विमानानेही उभे उड्डाण साधले, मात्र जुलै १९५९ मध्ये उभ्यातून आडव्या स्थितीत जाण्याच्या प्रयत्नात ते कोसळले. या प्रकारातील मोठी अडचण उघड होती. वैमानिकाला पाठीवर उताणे पडल्यासारखे बसून, खांद्यावरून मागे जमिनीकडे पाहत विमान उतरवावे लागे. रणांगणावर रोजच्या वापरासाठी हे साधन चालणार नव्हते.

दुसरी वाट विमान आडवेच ठेवून त्यात उचल देणारी वेगळी इंजिने बसविण्याची होती. रोल्स-रॉइस कंपनीने दोन जेट इंजिने एका उघड्या सांगाड्यावर बसवून तयार केलेले यंत्र ऑगस्ट १९५४ मध्ये मोकळेपणी तरंगले. त्याच्या अवतारामुळे लोकांनी त्याला ‘उडती खाट’ असेच नाव दिले. त्यातून मिळालेल्या अनुभवावर बेलफास्टच्या शॉर्ट कंपनीने एससी-१ हे विमान बांधले. त्यात पाच इंजिने होती. चार केवळ उचलण्यासाठी आणि एक पुढे ढकलण्यासाठी. एप्रिल १९६० मध्ये या विमानाने उभ्या उड्डाणातून आडव्या उड्डाणात यशस्वी संक्रमण केले. परंतु हवेत गेल्यावर ती चार इंजिने निव्वळ ओझे होऊन बसत. फ्रान्सने तर मिराज जातीच्या विमानात उचलण्यासाठी आठ आणि पुढे जाण्यासाठी एक, अशी नऊ इंजिने कोंबली. त्याआधीच्या बाल्झाक या प्रायोगिक विमानाच्या दोन अपघातांत, १९६४ आणि १९६५ मध्ये, दोन्ही वेळा वैमानिकाचा बळी गेला.

एकाच इंजिनाची युक्ती

मिशेल विबो या फ्रेंच विमान अभिकल्पकाने १९५६ मध्ये मांडलेली कल्पना या साऱ्यांहून वेगळी होती. इंजिनाच्या जोरावर चार पंखे चालवावेत, ते विमानाच्या गुरुत्वमध्याभोवती बसवावेत आणि त्यांची आवरणे फिरवून हवेचा झोत हवा तेव्हा खाली, हवा तेव्हा मागे सोडावा, असे त्यांचे म्हणणे होते. उचलणारे आणि ढकलणारे इंजिन एकच! फिरवायचा तो फक्त झोत. विबो यांची यंत्ररचना मात्र अवजड होती. त्यांनी ती पॅरिसमधील अमेरिकी शस्त्रसाहाय्य कार्यालयापुढे ठेवली आणि तेथून ती ब्रिस्टलच्या इंजिन कारखान्यात स्टॅन्ली हूकर यांच्या टेबलावर आली.

हूकर यांचे सहकारी गॉर्डन लुईस यांनी चार पंख्यांचा पसारा रद्द केला. त्याऐवजी जेट इंजिनाच्या तोंडाशी एकच मोठा पंखा बसवावा आणि त्याची हवा दोन्ही बाजूंच्या फिरत्या तोट्यांतून बाहेर सोडावी, असे त्यांनी सुचविले. या तोट्यांनाच नॉझल म्हणतात. इंजिनाच्या गाभ्यासाठी निवडले गेले ऑर्फियस. भारतीय वाचकांना हे नाव अपरिचित नसावे. भारतीय हवाई दलाची नॅट विमाने आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ‘मरुत’ हे लढाऊ विमान याच कुळातील इंजिनांवर उडत असे. या नव्या इंजिनाला पुढे ‘पेगॅसस’ हे ग्रीक पुराणातील पंख असलेल्या घोड्याचे नाव मिळाले. त्याच्या खर्चाचा तीन चतुर्थांश भार अमेरिकी साहाय्यातून उचलला गेला आणि उरलेला ब्रिस्टल कंपनीने स्वतः सोसला.

हॉकरचे धाडस

याच सुमारास, १९५७ मध्ये, ब्रिटिश सरकारने संरक्षणविषयक श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. यापुढचे युद्ध क्षेपणास्त्रांचे असेल, मानवचालित लढाऊ विमानांचे दिवस सरत आले, असा तिचा सूर होता. हॉकर कंपनीला हा मोठाच धक्का होता. सिडनी कॅम हे या कंपनीचे मुख्य अभिकल्पक. महायुद्धातील हरिकेन, भारतीय नौदलाने ‘विक्रांत’वरून उडविलेले सी हॉक आणि भारतीय हवाई दलाच्या सेवेतील हंटर ही सारी त्यांच्याच कारकिर्दीतील अपत्ये. नवी विमाने नकोत असे सरकारच म्हणू लागल्यावर कंपनीने करायचे काय?

कॅम यांनी हूकर यांच्याकडे उभ्या उड्डाणाच्या इंजिनाविषयी चौकशी केली आणि आलेला आराखडा राल्फ हूपर या अभियंत्याच्या हाती दिला. त्या आराखड्यात केवळ पंख्याची थंड हवा फिरत्या नॉझलांतून जात होती. गरम वायूचा झोत नेहमीप्रमाणे सरळ मागेच निघत होता. गरम झोताचीही दोन शाखांत विभागणी करून तोही फिरत्या नॉझलांतून सोडावा, म्हणजे इंजिनाचा सारा रेटा उचलण्याच्या कामी येईल, हा निर्णायक बदल हूपर यांनी सुचविला. पुढे दोन थंड, मागे दोन गरम अशा चार नॉझलांवर विमान चार पायांच्या टेबलासारखे तोललेले राहील, असा हिशेब होता.

सरकारची मागणी नसताना हॉकरने स्वतःच्या खिशातून पहिल्या विमानाचे काम हाती घेतले. दोन नमुन्यांसाठी सरकारी कंत्राट मिळाले ते १९६०च्या मध्यास, म्हणजे विमान बऱ्याच अंशी बांधून होत आल्यावर. त्याआधी पाठबळ मिळाले ते अटलांटिकपलीकडून. अमेरिकेच्या ‘नासा’ने लँग्ली येथील संशोधन केंद्रात या विमानाच्या छोट्या प्रतिकृती उडवून पाहिल्या आणि उभ्यातून आडव्या उड्डाणाकडे जाणे शक्य असल्याचा निर्वाळा दिला.

विमान चालते कसे?

वैमानिकाच्या हाती नेहमीच्या विमानापेक्षा एकच जादा दांडा होता. त्याने चारही नॉझल एकाच वेळी, एकाच कोनात फिरत. इंजिनातील दाबाच्या हवेवर चालणारी एक मोटर, दांडे आणि सायकलसारख्या साखळ्या यांच्या साहाय्याने ही हालचाल होई. चारपैकी एक नॉझल जरी मागे राहिले, तरी विमान कलंडण्याची भीती होती. म्हणूनच ते यंत्रणेने परस्परांशी जखडलेले होते.

पण स्थिर तरंगणाऱ्या विमानाच्या पंखांवरून वारा वाहत नाही आणि वारा नसेल तर पंखांवरील व शेपटीवरील नियंत्रक पाती निकामी ठरतात. त्यासाठी इंजिनातील दाबाची हवा नळ्यांवाटे नाकाशी, शेपटीशी आणि दोन्ही पंखांच्या टोकांशी नेली होती. वैमानिकाने नेहमीची दांडी हलविली की त्या त्या टोकातून हवेचे फूत्कार सुटत आणि विमान सावरले जाई.

आणखी एक अडचण खेळातल्या भोवऱ्याची होती. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी बदलू देत नाही. इंजिनाचे वजनदार चक्रही तसेच. तरंगताना नाक वळवायला जावे तर विमान भलतीकडेच झुकण्याचा धोका होता. पेगॅससमध्ये पंखा आणि इंजिनाचा गाभा परस्परविरुद्ध दिशांनी फिरविण्यात आले आणि एकाचा परिणाम दुसऱ्याने जवळजवळ पुसून टाकला.

सर्वांत कठोर होते ते वजनाचे गणित. पंखांवर उडणारे विमान इंजिनाच्या रेट्याच्या कितीतरी पट वजन पेलते. उभ्याने उठणाऱ्या विमानाला मात्र वजनापेक्षा अधिक रेटा लागतो, तेथे उसनवारी चालत नाही. १९६०च्या इंजिनाचा रेटा होता सुमारे ५,१०० किलो. म्हणूनच पहिल्या उड्डाणासाठी विमान सोलून काढावे लागले आणि काही मिनिटांपुरतेच इंधन भरता आले. जमिनीवर आदळून उसळलेले गरम वायू पुन्हा इंजिनात शिरले की रेटा आणखी घटे. डन्सफोल्डच्या खड्ड्यावरील लोखंडी जाळी होती ती हे वायू खालच्या खाली निघून जावेत यासाठी.

साखळ्या सुटल्या

१९ नोव्हेंबर १९६० रोजी हे विमान साखळ्यांविना मोकळे तरंगले. १३ मार्च १९६१ रोजी बेडफर्ड यांनी ते नेहमीच्या विमानाप्रमाणे धावपट्टीवरून उडविले. विमान आता उभेही उठत होते आणि आडवेही उडत होते. प्रश्न उरला होता तो या दोहोंमधील दरी ओलांडण्याचा. बेडफर्ड आणि त्यांचे सहकारी ह्यू मेरेवेदर यांनी ती दोन्ही टोकांकडून इंच इंच कमी केली. तरंगत्या विमानाचा वेग थोडा थोडा वाढवायचा आणि उडत्या विमानाचा थोडा थोडा घटवायचा, असा हा क्रम होता. १२ सप्टेंबर १९६१ रोजी उभे उठणे, वेगाने उडणे आणि पुन्हा उभे उतरणे हे पूर्ण चक्र साधले.

या यशाची किंमतही चुकवावी लागली. १४ डिसेंबर १९६१ रोजी दुसऱ्या नमुन्याचे पुढचे एक नॉझल उड्डाणातच गळून पडले. बेडफर्ड यांनी योव्हिल्टनच्या तळापर्यंत पोहोचण्याची शिकस्त केली आणि अखेर आसनासह बाहेर उडी घेतली. विमान नष्ट झाले. गळालेले नॉझल पुढे एका शेतकऱ्याला सापडले आणि अपघाताचे कारण उलगडले. ग्लासफायबरच्या नॉझलांची जागा त्यानंतर पोलादी नॉझलांनी घेतली. हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या कडा तरंगताना गोल आणि वेगात धारदार असाव्यात म्हणून फुगविता येणाऱ्या रबरी कडा बसविल्या होत्या. त्या वाऱ्याने फाटू लागल्या आणि ती कल्पना सोडून द्यावी लागली.

८ फेब्रुवारी १९६३ रोजी बेडफर्ड यांनी पहिला नमुना ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेच्या डेकवर उभा उतरविला. पकडतारेशिवाय जेट विमान नौकेवर उतरल्याचे पाहून नौदलांचे कान टवकारले गेले. चारच महिन्यांनी, १६ जून रोजी, पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात हजारो प्रेक्षकांसमोर तेच विमान कोसळले. नॉझल फिरविणाऱ्या मोटरीत कचऱ्याचा बारीक कण अडकल्याने तरंगत्या विमानाचे नॉझल मागे वळले आणि आधारच निघून गेला. बेडफर्ड सुदैवाने बचावले. विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडाले. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने पुढे ते जतन केले.

केस्ट्रेलपासून हॅरियरपर्यंत

पी. ११२७चे सहा नमुने झाले. त्यापाठोपाठ बांधलेल्या ‘केस्ट्रेल’ या नऊ सुधारित विमानांची १९६५ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि पश्चिम जर्मनीच्या वैमानिकांनी वेस्ट रेनम येथील संयुक्त तुकडीत पारख केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत पी. ११५४ या स्वनातीत भावंडाची योजना ब्रिटिश सरकारने खर्चापायी गुंडाळली. उरला तो साधा, स्वनवेगाच्या आतला पी. ११२७. त्याची लढाऊ आवृत्ती ३१ ऑगस्ट १९६६ रोजी उडाली आणि १ एप्रिल १९६९ रोजी ‘हॅरियर’ या नावाने ब्रिटिश हवाई दलात दाखल झाली. एव्हाना इंजिनाचा रेटा सुमारे ८,६०० किलोवर गेला होता. अमेरिकेच्या मरीन दलाने १९७१ पासून ही विमाने घेतली.

अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट झाली. उभे उठणे शक्य असले तरी ते महागडे होते. थोडी धाव घेऊन उडाल्यास तेच विमान कितीतरी अधिक इंधन आणि शस्त्रे नेऊ शकत होते. त्यामुळे आखूड धाव घेऊन उडायचे आणि हलके झाल्यावर उभे उतरायचे, ही रीत रूढ झाली. ब्रिटिश नौदलाचे अधिकारी डग टेलर यांनी डेकच्या टोकाशी वर वळलेला चढ बांधण्याची कल्पना मांडली आणि ही धाव आणखी आखूड झाली. १९८२च्या फॉकलंड युद्धात सी हॅरियर विमानांनी शत्रूची वीस विमाने पाडली. हवाई लढतीत त्यांचे एकही विमान पडले नाही.

गोव्याच्या आकाशात

भारताशी या विमानाचे नाते जुने आहे. १९७२ मध्ये चाचणी वैमानिक जॉन फार्ली यांनी हॅरियर ‘विक्रांत’वर उतरवून दाखविले. ‘विक्रांत’वरील सी हॉक विमाने तेव्हा जुनी झाली होती आणि छोट्या डेकवर चालेल असे दुसरे आधुनिक जेट विमान मिळणे दुरापास्त होते. १९७९ मध्ये सी हॅरियरची मागणी नोंदविली गेली आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली तीन विमाने गोव्यात दाबोळी येथील ‘हंसा’ तळावर उतरली. ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ३०० क्रमांकाच्या तुकडीने ती प्रथम ‘विक्रांत’वरून आणि १९८७ नंतर ‘विराट’वरूनही उडविली. सागरावर तरंगत, नौकेच्या वेगाशी वेग जुळवत, बाजूने सरकत डेकवर येणारे हे विमान तीन दशके नौदलाच्या सामर्थ्याची खूण ठरले.

या विमानाने वैमानिकांची कसोटीही तितकीच पाहिली. तरंगताना वारा बाजूने शिरला तर विमान क्षणात कलंडू शके. म्हणूनच हॅरियरच्या काचेसमोर वाऱ्याची दिशा दाखविणारे एक साधे फिरते पाते बसविलेले असे. इतक्या गुंतागुंतीच्या यंत्रात वैमानिकाचा जीव त्या चिमुकल्या पात्यावर लक्ष ठेवण्यात अडकलेला असे. अमेरिकी मरीन दलाने शांतताकाळातील अपघातांत अनेक वैमानिक गमावले. भारतीय नौदलाने घेतलेल्या सुमारे तीस सी हॅरियरपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत नष्ट झाली आणि काही वैमानिकांना प्राणास मुकावे लागले. मे २०१६ मध्ये दाबोळी येथे या विमानांना निरोप देण्यात आला. मार्च २०१७ मध्ये मुंबईत ‘विराट’ही सेवानिवृत्त झाली.

वारसा

उभ्या उड्डाणाचे अनेक आराखडे त्या काळात पुढे आले आणि बहुतेक संग्रहालयांत विसावले. सोव्हिएत संघाचे याक-३८ सेवेत आले खरे, पण उचलण्यासाठी वेगळी दोन इंजिने वाहण्याची शिक्षा त्यालाही भोगावी लागली. पी. ११२७ टिकले ते त्यातील सोपेपणामुळे. एक इंजिन, चार फिरते नॉझल आणि एक जादा दांडा, एवढ्यावर त्याने काम भागविले. अमेरिकेच्या एफ-३५बी या विमानाने २००८ मध्ये पहिले उड्डाण केले, तेव्हा इंजिनाच्या जोरावर चालणारा स्वतंत्र पंखा वापरून त्याने हाच प्रश्न नव्या पद्धतीने सोडविला आणि स्वनातीत वेगही गाठला. विशेष म्हणजे इंजिनाने पंखा फिरवून थंड हवेच्या झोतावर विमान तोलण्याचा त्यातील विचार विबो यांच्या मूळ कल्पनेच्याच जवळ जातो.

प्लास्टरमधला पाय घेऊन बसलेल्या वैमानिकाने साखळदंडांना हिसके देत त्या दिवशी मिळविलेली उंची फारच थोडी होती. सरकारला नको असलेले एक विमान, स्वतःचे पैसे घालणारी एक कंपनी आणि गळून पडलेल्या नॉझलातूनही धडा घेणारे अभियंते यांनी त्या थोड्या उंचीचे पुढे काय केले, हे फॉकलंडच्या समुद्राने पाहिले आणि दाबोळीच्या आकाशानेही.